टोलेडोचं पाणी आणि लेक एरीचा हिरवा नकाशा: एक प्रकरण अभ्यास

२ ऑगस्ट २०१४, शनिवार. अमेरिकेत ओहायो राज्यात लेक एरीच्या पश्चिम टोकाला टोलेडो नावाचं शहर आहे, तिथे लोक झोपेत असतानाच भल्या पहाटे शहराने सूचना काढली की नळाचं पाणी पिऊ नका, आणि उकळूनही पिऊ नका. आपल्याकडे पाणी गढूळ आलं की "उकळून प्या" हाच पहिला सल्ला असतो. पण इथे भानगड जंतूंची नव्हती, मायक्रोसिस्टिन नावाच्या, तलावातल्या शेवाळातून येणाऱ्या विषाची होती. ते उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. यकृतावर परिणाम करणारं विष आहे हे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा एका लिटरमागे १ मायक्रोग्रॅम एवढीच आहे. शुद्धीकरण होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात त्या रात्री त्याहून जास्त सापडलं.

मग जे व्हायचं तेच झालं. चार लाखांहून जास्त लोकांचं पाणी बंद, त्यात टोलेडोकडूनच पाणी घेणारी शेजारच्या मिशिगन राज्यातली काही गावंही आली. दुकानांतल्या बाटल्या बघता बघता संपल्या, लोक गाड्या काढून दुसऱ्या राज्यात पाणी आणायला गेले, गव्हर्नर जॉन केसिक यांनी आणीबाणी जाहीर केली, नॅशनल गार्डचे जवान पाणी वाटायला उतरले. सोमवारी ४ तारखेला बंदी उठली आणि मेयर डी. मायकेल कॉलिन्स यांनी कॅमेऱ्यांसमोर नळाच्या पाण्याचा ग्लास पिऊन दाखवला.

हे प्रकरण निवडायचं कारण म्हणजे लेक एरीवर तेव्हाही उपग्रहांची नजर होती. जगात ज्या तलावांवर शेवाळासाठी सगळ्यात जास्त लक्ष ठेवलं जातं त्यात हा वरच्या नंबरात येईल. त्या वर्षीचा अंदाजही जुलैमध्ये जाहीर झाला होता, की ब्लूम, म्हणजे शेवाळाची एकदम होणारी बेसुमार वाढ, चांगलाच येईल पण २०१३ पेक्षा लहान असेल आणि २०११ च्या तर जवळपासही नसेल. आणि अंदाज बरोबर आला! नोआ ही अमेरिकेची हवामान आणि समुद्र बघणारी सरकारी संस्था, तिची ब्लूमची तीव्रता मोजायची एक पट्टी आहे. २०११ चा ब्लूम त्या पट्टीवर १० होता, २०१५ चा तर पट्टीच्याही वर १०.५ गेला, आणि २०१४ चा साडेसहाच्या आसपास. म्हणजे मोठ्या दोन्ही वर्षांत टोलेडोचं पाणी बंद झालं नाही आणि मधल्यामध्ये एका साधारण वर्षात झालं. माझ्या मते सगळं प्रकरण या एका गोष्टीत आहे, ब्लूम केवढा आहे आणि धोका केवढा आहे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि उपग्रह पहिल्याचं उत्तर फार छान देतो.

तलावात एवढं शेवाळ येतं कुठून

लेक एरी उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स नावाच्या पाचही मोठ्या तलावांत सगळ्यात उथळ, आणि त्यातही पश्चिमेचा भाग फारच उथळ, सरासरी खोली साडेसात मीटरच्या आतच. उथळ म्हणून उन्हाळ्यात पटकन तापतो. आणि नेमक्या याच भागात मॉमी नदी येऊन मिळते, टोलेडो शहरातूनच. ग्रेट लेक्सना मिळणाऱ्या नद्यांमध्ये सगळ्यात मोठं पाणलोट हिचं, आणि त्यातली बहुतेक जमीन शेतीखाली, मका आणि सोयाबीन. पूर्वी इथे ग्रेट ब्लॅक स्वॅम्प नावाची प्रचंड दलदल होती, एकोणिसाव्या शतकात ती निचरा करून शेतजमीन काढली. आजही त्या शेतांखाली निचऱ्याच्या पाइपांचं जाळं आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना हे लगेच कळेल, क्षारपड जमिनी सुधारायला तिकडे सच्छिद्र पाइप गाडतात तोच प्रकार, फक्त इथे तो सगळ्या प्रदेशभर पसरलाय. पाऊस पडला की पाणी शेतातून पाइपात, पाइपातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत, आणि त्याच्याबरोबर खतातला विरघळलेला फॉस्फरस.

बरं, हा तलाव एकदा बरा होऊन परत आजारी पडलाय. १९६० च्या दशकात "लेक एरी मेला" असंच लोक म्हणायचे. १९७२ ला अमेरिका आणि कॅनडाने करार केला, डिटर्जंटमधला फॉस्फरस कमी केला, सांडपाण्याचे प्लांट सुधारले, आणि १९८० च्या दशकात पाणी खरंच सुधारलं. मग १९९० च्या मध्यापासून ब्लूम परत यायला लागले. या वेळी दोष शहराच्या पाइपाचा कमी आणि शेताच्या पाइपाचा जास्त, कारण मातीला चिकटून येणारा फॉस्फरस कमी झाला तरी पाण्यात विरघळलेला वाढत गेला आणि शेवाळाला तोच सगळ्यात सोपा पडतो. त्यात झेब्रा मसल नावाचे बाहेरून आलेले शिंपले तलावभर पसरले, ते बाकीचं शेवाळ खातात आणि मायक्रोसिस्टिस थुंकून टाकतात.

मायक्रोसिस्टिस हाच इथला मुख्य गडी. आपण त्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो पण तो आहे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणूच. त्याच्या पेशीत हवेच्या बारीक पिशव्या असतात त्यामुळे तो वर तरंगू शकतो, खाली जाऊ शकतो, वारा पडला की वर येऊन पाण्यावर हिरव्या रंगासारखा थर करतो. त्याची ही वर-खाली करायची सवय लक्षात ठेवा, पुढे उपग्रहाला चकवणारी गोष्ट हीच आहे.

मार्च ते जुलै या काळात मॉमी नदीतून किती फॉस्फरस आला त्यावरून ऑगस्टचा ब्लूम किती मोठा येणार हे बऱ्यापैकी सांगता येतं. हे शक्य झालं कारण टिफिन गावच्या हायडलबर्ग युनिव्हर्सिटीची लोकं १९७० च्या दशकापासून या भागातल्या नद्यांचं पाणी सातत्याने तपासतायत. मला या संपूर्ण कहाणीत हे सगळ्यात मोठं काम वाटतं. उपग्रहाचे फोटो देखणे असतात, बातमीत तेच येतात, पण जुलैमधला अंदाज उभा आहे तो नदीतून रोज उचललेल्या बाटल्यांवर. चाळीस वर्षं कोणी बाटल्या भरल्या नसत्या तर अंदाज करायला काही नव्हतंच.

उपग्रह नेमकं काय बघतो

हिरवा रंग दिसला की शेवाळ, इतकं सोपं नसतं. लेक एरीच्या पश्चिम भागात गाळही भरपूर, वारा आला की तळाचा गाळ वर येतो, नदी गढूळ पाणी आणते, आणि साध्या फोटोत गाळ, साधं शेवाळ आणि सायनोबॅक्टेरिया सगळं हिरवट-तपकिरीच दिसतं. म्हणून रंगाचे बारीक तुकडे करून बघावं लागतं.

नोआचे टिमोथी विन, रिचर्ड स्टम्फ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलेली पद्धत आहे सायनोबॅक्टेरियल इंडेक्स, थोडक्यात सीआय. युक्ती अशी, की प्रकाशाचे तीन पट्टे घ्यायचे, तरंगलांबी ६६५, ६८१ आणि ७०९ नॅनोमीटर. ६६५ आणि ७०९ च्या मध्ये एक सरळ रेघ मारायची आणि ६८१ चं मूल्य त्या रेघेच्या वर आहे का खाली ते बघायचं. साध्या शेवाळातलं क्लोरोफिल ६८१ च्या आसपास थोडा प्रकाश स्वतः बाहेर टाकतं, त्याला फ्लोरोसन्स म्हणतात, त्यामुळे तिथे उंचवटा येतो. सायनोबॅक्टेरियात हा फ्लोरोसन्स जवळपास नसतो आणि ७०९ ला मात्र जोरदार उसळी असते, म्हणून ६८१ रेघेच्या खाली जातं, खड्डा पडतो. खड्डा जेवढा खोल तेवढे सायनोबॅक्टेरिया जास्त. गाळाला असा खड्डा नसतो! मला ही पद्धत आवडते कारण तिला पाण्याच्या रंगाची नेमकी किंमत लागत नाही, आकार लागतो, त्यामुळे हवेतल्या धुरक्याने मोजमाप थोडं सरकलं तरी फार बिघडत नाही.

पण हे पट्टे मोजणारा कॅमेरा पाहिजे. तो होता युरोपच्या एन्व्हिसॅट उपग्रहावर, नाव मेरिस, २००२ ला अवकाशात गेला, पिक्सेल, म्हणजे फोटोतला एक ठिपका, ३०० मीटरचा. एप्रिल २०१२ मध्ये एन्व्हिसॅटशी संपर्क तुटला आणि मेरिस संपला. त्याचा वारसदार ओएलसीआय हा सेंटिनेल-३ए वर बसून गेला फेब्रुवारी २०१६ मध्ये, आणि सेंटिनेल-३बी एप्रिल २०१८ मध्ये. म्हणजे मध्ये जवळपास चार वर्षांची पोकळी, आणि टोलेडोचं प्रकरण बरोबर त्या पोकळीत पडतं. तेव्हा काम चालवलं नासाच्या मोडिस कॅमेऱ्यावर, त्याचे समुद्राच्या रंगाचे पट्टे १ किलोमीटरच्या पिक्सेलचे आणि नेमका ७०९ चा पट्टा त्यात नाही, म्हणून पद्धत जरा बदलून घ्यावी लागली.

१ किलोमीटरचा पिक्सेल म्हणजे काय याचा विचार करा. टोलेडोचं पाणी किनाऱ्यापासून साधारण तीन मैल आत असलेल्या एका गोल बांधकामातून घेतलं जातं, त्याला तिकडे क्रिब म्हणतात, तलावात उभी असलेली इमारतच ती. तिथून ते पाइपाने किनाऱ्यावरच्या पंपिंग स्टेशनला आणि तिथून कॉलिन्स पार्क प्लांटला. तर ती क्रिब अख्खी एका पिक्सेलच्या एका कोपऱ्यात. मेरिस असता तरी तीच गत, ३०० मीटर म्हणजे ९ हेक्टरचा एक चौकोन. त्या चौकोनात हिरव्या पट्ट्याची कड क्रिबच्या अलीकडे आहे का पलीकडे हे त्या एका आकड्यात येत नाही.

त्या आठवड्यात काय झालं

१ ऑगस्टला, म्हणजे बंदीच्या आदल्या दिवशी, लँडसॅट-८ या अमेरिकेच्या उपग्रहाने या भागाचा फोटो घेतला होता, ३० मीटरचा पिक्सेल, नंतर तो जगभर छापून आला. पश्चिम टोकाला हिरवी भोवऱ्यासारखी नक्षी दिसते, ब्लूम दिसायला कुणाला शंका येणार नाही इतका स्पष्ट. म्हणजे कोणी असं म्हणू शकत नाही की दिसलं नाही. लँडसॅट मात्र एका जागी १६ दिवसांनी येतो, त्यामुळे तो त्या दिवशी आला हा योगायोग, रोजच्या कामाला त्याचा भरवसा नाही.

ब्लूम मॉमी बेमध्ये होता, म्हणजे नदीच्या तोंडाशी, आणि वाऱ्याने तो दक्षिण-पश्चिम किनाऱ्याकडे दाबून ठेवला, क्रिबच्या आजूबाजूला. २०११ चा ब्लूम यापेक्षा कितीतरी मोठा, त्या वर्षी हिरवं पाणी सुमारे ५,००० चौरस किलोमीटरवर पसरलेलं, मधल्या भागात क्लीव्हलँडच्या पुढेपर्यंत गेलेलं. पण पसरलेलं होतं. २०१४ ला होतं कमी, पण होतं नको तिथे.

आता त्या वर-खाली जाण्याकडे येऊ. वारा शांत असला की मायक्रोसिस्टिस वर येतो आणि उपग्रहाला झगझगीत दिसतो. वारा सेकंदाला साधारण ७-८ मीटरच्या वर गेला की पाणी ढवळतं आणि तोच मायक्रोसिस्टिस तळापर्यंत मिसळतो, वरून बघितलं तर फिका दिसतो. दुधावरची साय ढवळून टाकली की दिसत नाही, म्हणून दूध काही कमी दाट होत नाही. म्हणजे वादळी दिवसाचा नकाशा बघून ब्लूम ओसरला म्हणणारा फसतो, आणि इनटेक, म्हणजे पाणी आत घ्यायचं तोंड, तर पाण्याखाली असतो, त्याच्या दृष्टीने ढवळलेलं पाणी जास्त वाईट कारण आता विष खालपर्यंत पोचलं. यासाठीच नोआची माणसं तीव्रता काढताना एका दिवसाच्या फोटोवर विसंबत नाहीत, दहा-दहा दिवसांचे फोटो एकत्र करून प्रत्येक पिक्सेलचं सगळ्यात मोठं मूल्य धरतात, त्यात ढगांचीही अडचण बरीचशी सुटते. वर्षाच्या तीव्रतेसाठी हे एकदम योग्य. पण प्लांटवर रात्रपाळीला बसलेल्या माणसाला दहा दिवसांचं कमाल मूल्य घेऊन काय करायचंय, त्याला आज रात्री पाइपात काय येतंय ते पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट, ती मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी वाटते. उपग्रह विष बघतच नाही. तो बघतो रंगद्रव्य, त्यावरून पेशींचा अंदाज, आणि तेवढ्यावर थांबतो. मायक्रोसिस्टिसचे काही प्रकार विष करतात, काही करत नाहीत, आणि एकाच ब्लूममध्ये दोघंही असतात, त्यांचं प्रमाण हंगामात बदलत राहतं. त्यात विष पेशीच्या आत आहे का बाहेर पाण्यात सुटलंय यावरही सगळं अवलंबून. आत असेल तर प्लांटमध्ये तुरटीसारखी रसायनं टाकून गाळ बसवला आणि गाळलं की पेशीबरोबर विषही निघून जातं. पण पेशी फुटली आणि विष विरघळलं तर ते गाळणीतून आरपार जातं, तिथे सक्रिय कार्बनची पूड टाकावी लागते, आणि तीही पुरेशी. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे पुरावे मांडलेत की त्या दिवसांत मायक्रोसिस्टिसला विषाणूंचा संसर्ग झालेला होता, त्यामुळे पेशी फुटून विष पाण्यात सुटलं असावं. म्हणजे पेशी मरतायत, उपग्रहाच्या दृष्टीने कदाचित परिस्थिती सुधारतेय, आणि प्लांटच्या दृष्टीने बिघडतेय! कुठल्याही उपग्रहाच्या नकाशात हे दिसणार नाही, मग पिक्सेल कितीही बारीक करा.

टोलेडो हा पहिला इशाराही नव्हता. सप्टेंबर २०१३ मध्ये जवळच्याच कॅरल टाउनशिपमध्ये, जिथे जेमतेम २,००० लोकांना पाणी जातं, मायक्रोसिस्टिन सापडलं म्हणून प्लांट बंद करावा लागला होता. छोटं गाव, बातमी फार पसरली नाही. त्या वेळी अमेरिकेत केंद्र पातळीवर पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोसिस्टिनसाठी काही आकडाच नव्हता, ओहायो राज्य जागतिक आरोग्य संघटनेचा १ मायक्रोग्रॅम धरून चालत होतं. केंद्राच्या पर्यावरण संस्थेचे सल्लावजा आकडे आले २०१५ मध्ये, लहान मुलांसाठी ०.३ आणि मोठ्यांसाठी १.६ मायक्रोग्रॅम. यात मला वाईट याचं वाटतं की कॅरल टाउनशिपच्या वेळीच हे सगळं हलवून करता आलं असतं, वर्षभराचा वेळ हातात होता.

नंतर काय बदललं

नुसता अजून चांगला उपग्रह आणून प्रश्न सुटणार नाही हे तिथल्या लोकांना कळलं होतं, म्हणून नकाशाच्या भोवती बाकीची साखळी उभी केली. सीआयच्या नकाशावर वाऱ्याचा आणि प्रवाहाचा अंदाज चढवून पुढच्या काही दिवसांत हिरवा पट्टा कुठे सरकेल हे दाखवायला आधीच सुरुवात झालेली होती, ते २०१७ मध्ये नोआने प्रायोगिक अवस्थेतून काढून नेहमीच्या सेवेत आणलं. अॅन आर्बरच्या ग्रेट लेक्स प्रयोगशाळेने एचएबी ट्रॅकर नावाचं मॉडेल केलं, ते त्रिमितीय आहे, म्हणजे पट्टा आडवा कुठे जाईल एवढंच नाही तर वाऱ्याने तो किती खोल मिसळेल हेही दाखवतं. माझ्या मते खरी सुधारणा ही, कारण इनटेक खोलीवर असतो आणि आता नकाशाला खोली मिळाली.

पाण्यात बोया, म्हणजे नांगरून ठेवलेले तरंगते खांब, टाकले, त्यांच्यावर फायकोसायनिनचे सेन्सर. फायकोसायनिन हे सायनोबॅक्टेरियाचं निळं रंगद्रव्य, ६२० नॅनोमीटरला प्रकाश खातं. हे सेन्सर थोड्याथोड्या वेळाने आकडा पाठवत राहतात, रात्रीही आणि ढगातही. दर आठवड्याला होडी ठरलेल्या ठिकाणी जाऊन पाणी आणते आणि प्रयोगशाळेत विष मोजलं जातं. तलावाच्या तळाशी ठेवलेलं एक यंत्रही २०१६-१७ च्या सुमारास आलं, ते तिथल्या तिथे नमुना घेऊन विषाची चाचणी करतं आणि निकाल किनाऱ्यावर पाठवतं. आणि प्लांटमध्ये कार्बनची क्षमता वाढवली, पुढे ओझोनची प्रक्रिया बसवली, सगळ्या सुधारणांवर मिळून कोट्यवधी डॉलर गेले, पाणीपट्टी वाढली. हा खर्च शेवटी टोलेडोच्या लोकांनी भरला आणि फॉस्फरस वरच्या अंगाने येतो, यावरून तिथे राग आहे आणि तो मला रास्त वाटतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर शहराच्या मतदारांनी लेक एरीला स्वतःचे कायदेशीर हक्क द्यायचा ठराव मतदानाने पास केला, वर्षभराने न्यायालयाने तो रद्द केला.

अमेरिका आणि कॅनडाने ठरवलं होतं की २००८ च्या तुलनेत पश्चिम भागात येणारा वसंतातला फॉस्फरस २०२५ पर्यंत ४० टक्के कमी करायचा. ते गाठलं गेलं नाही. तेव्हा उपग्रहांना दर ऑगस्टमध्ये काम आहेच.

एक चांगली गोष्ट म्हणजे लेक एरीवर घासूनपुसून तयार झालेली पद्धत पुढे सगळ्या देशाला लागू केली. पर्यावरण संस्था, नासा, नोआ आणि भूगर्भ सर्वेक्षण अशा चार संस्थांनी मिळून २०१५ मध्ये सायन नावाचा प्रकल्प सुरू केला, ओएलसीआयच्या डेटावरून २,००० हून जास्त तलावांचे आकडे निघतात, त्याचं अॅपही आहे. फक्त ३०० मीटरचा पिक्सेल असल्यामुळे लहान तलाव यात येतच नाहीत, काठावरच्या पिक्सेलमध्ये जमीन मिसळते म्हणून ते सोडून द्यावे लागतात आणि मग अरुंद तलावात काही उरतच नाही.

आपल्याकडे बघायचं झालं तर

उजनीचं उदाहरण घेऊ, कारण तिथलं हिरवं पाणी बऱ्याच जणांनी स्वतः पाहिलंय आणि सोलापूर शहर तिथलंच पाणी पितं. भीमेवर धरण, वरून पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी सगळ्यांमधून येतं, बाजूला उसाची शेती, म्हणजे शेवाळाला खाऊ भरपूर. उजनीत विष आहे असं मी इथे म्हणत नाहीये, ते पाणी तपासल्याशिवाय म्हणताच येत नाही, वर तेच तर सांगितलं. पण नकाशा कोणालाही काढता येतो.

युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचे फोटो फुकट मिळतात, कोपर्निकस ब्राउझर ही वेबसाइट उघडून खातं काढलं की झालं. दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी एक फोटो. यात सीआय काढता येत नाही कारण ६८१ चा पट्टाच नाही, म्हणून एनडीसीआय वापरतात, हा क्लोरोफिलचा अंदाज देणारा निर्देशांक, सच्चिदानंद मिश्रा आणि दीपक मिश्रा यांनी २०१२ मध्ये मांडलेला. बी५ म्हणजे ७०५ नॅनोमीटर, बी४ म्हणजे ६६५. बी५ मधून बी४ वजा करायचा आणि येईल त्याला बी५ अधिक बी४ च्या बेरजेने भागायचं, बस. पिक्सेल २० मीटरचा, म्हणजे भिगवणच्या बाजूचे अरुंद फाटेही दिसतात जे ओएलसीआयला कधी दिसणार नाहीत. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये रास्टर कॅल्क्युलेटरने हेच करता येतं, आधी पाण्याचा मास्क काढून घ्या, म्हणजे जमीन झाकून फक्त पाणी ठेवा, नाहीतर काठावरचा ऊस सगळ्यात जास्त हिरवा दिसेल.

आता आपला खास त्रास म्हणजे जलपर्णी. लेक एरीच्या पुस्तकात तिचा धडा नाही. जलपर्णीचा थर एनडीसीआयमध्ये भडक दिसतो आणि नवखा माणूस त्याला ब्लूम समजतो. जलपर्णी जवळच्या अवरक्त पट्ट्यात, म्हणजे बी८ मध्ये झाडासारखीच चमकते, म्हणून बी८ चढलेला भाग वेगळा काढायचा. पण शेवाळाचा जाड थर पाण्यावर आला की तोही बी८ मध्ये चढतो, तिथे मग कडा बघाव्या लागतात, जलपर्णीचे बेटासारखे तुटक ठोकळे असतात आणि शेवाळ वाऱ्याच्या दिशेने रेघोट्यांसारखं ओढलेलं दिसतं, पुढच्या फोटोत आकार पूर्ण बदललेला असतो. शंका आली तर काठावर जाऊन बघणं हा एकच उपाय. आणि सेंटिनेल-२ ला ६२० चा पट्टा नाही त्यामुळे ते साधं हिरवं शेवाळ आहे का सायनोबॅक्टेरिया हे त्यातून कळणार नाही, थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर दोन मिनिटांत कळतं.

ढगांच्या बाबतीत मात्र आपण टोलेडोपेक्षा नशीबवान आहोत. नोव्हेंबर ते मे उजनीवर आकाश बहुतेक मोकळंच असतं, फोटो एकामागून एक स्वच्छ मिळतात, आणि धरणातलं पाणी घटत जातं ते याच दिवसांत. मी काय करीन तर एनडीसीआयच्या थरावर आधी पिण्याच्या पाण्याच्या योजनांच्या इनटेकचे बिंदू टाकीन, प्रत्येकाभोवती दोन-तीन किलोमीटरचं वर्तुळ, आणि अख्ख्या जलाशयाची सरासरी न काढता फक्त त्या वर्तुळांची वेगवेगळी मालिका काढीन, शेजारी त्या दिवसाचा वारा लिहून. एखाद्या वर्तुळात आकडा चढायला लागला की त्या योजनेच्या माणसाला फोन जायला पाहिजे की आज इनटेकच्या खोलीवरचं पाणी काढून विषाची तपासणी करून घ्या. जॅकवेलवर बसणाऱ्या त्या माणसाचा नंबर आधी मिळवावा लागेल, नकाशा त्यानंतर काढला तरी चालेल.